टेकडीवरची मैत्री

पुण्याला पाहुणा आला की त्याला काय काय दाखवायचे, याची यादी आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या ठरून गेलेली आहे. शनिवारवाडा, पर्वती, सारसबागेतला गणपती, केळकर संग्रहालय, आणि पाहुण्याच्या पायांत जोर असला तर सिंहगड. पाहुणा पर्वती चढताना धापा टाकतो, वरून दिसणाऱ्या पुण्याकडे पाहून 'केवढे वाढले हो!' म्हणतो आणि बाकरवडीचे पुडे पिशवीत घालून आपल्या गावी परत जातो. येरवड्याला मात्र त्याला कोणी नेत नाही. येरवडा म्हटले की पुणेकराला तुरुंग आठवतो, नाहीतर मनोरुग्णालय. आणि पाहुणा कितीही दिवस राहिला तरी त्याला तिकडे नेण्याची भाषा उघडपणे करता येत नाही.

पण याच येरवड्यात, तुरुंगापासून फार लांब नसलेल्या एका उंचवट्यावर, डेक्कन कॉलेज आहे. महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासातली एक फार मोठी मैत्री तिथे सुरू झाली. ती वाढली शहरातल्या पेठांत, तिचा कस लागला मुंबईला डोंगरीत, आणि ती तुटली पुन्हा पुण्यातच. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांची ती मैत्री. या दोघांची चरित्रे झाली, त्यांच्या वादांवर प्रबंध झाले, रंगभूमीवरही ते दोघे येऊन गेले. तरी हे सगळे जिथे जिथे घडले त्या जागा एकामागून एक पाहत जावे, असे मला बरेच दिवस वाटत होते.

त्याला निमित्त झाले वर्गातले. आगरकरांचे निबंध शिकवीत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, इतके जवळचे होते, तर मग तुटले कसे?" मी पाठ्यपुस्तकातले उत्तर दिले : एकाला वाटे आधी राजकीय स्वातंत्र्य, दुसऱ्याला वाटे आधी सामाजिक सुधारणा. मुलाने ते वहीत उतरवून घेतले. उत्तर बरोबर होते, परीक्षेत त्याला पुरते गुण पडले असते. पण त्याचा चेहरा काही समाधानी दिसला नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही समाधान झाले नव्हते. मतभेद काय, ते पहिल्या दिवसापासूनच होते. मतभेदाने मैत्री तुटायची असती तर ती जुळलीच कशी असती?

सुटीच्या दिवशी सकाळी मी येरवड्याला निघालो. सोबत माझा एक जुना वर्गमित्र होता. तो बँकेत अधिकारी आहे. इतिहासाशी त्याचा संबंध इतकाच, की कॉलेजात असताना आम्ही दोघे वसतिगृहाच्या गच्चीवर पहाटेपर्यंत देशाचा निकाल लावीत बसायचो. आता मेट्रो येरवड्यापर्यंत गेली आहे. बंडगार्डन सोडले की गाडी नदी ओलांडते आणि जुना फिट्झजेराल्ड पूल दिसतो. तो १८६९ सालचा. शहरातून कॉलेजात जाणारी मुले याच पुलावरून गेली असणार.

"म्हणजे टिळकसुद्धा इथून चालत गेले असतील?" मित्राने विचारले.

"टिळक कदाचित पोहून गेले असतील," मी म्हटले. ही अगदीच थट्टा नव्हे. प्रकृती सुधारण्यासाठी टिळकांनी कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यास बाजूला सारून व्यायामात आणि पोहण्यात घालवले, त्यापायी वर्षही गमावले, हे त्यांच्या सगळ्या चरित्रांत आहे.

डेक्कन कॉलेजच्या फाटकातून आत शिरले की बाहेरच्या रस्त्याचा गोंगाट मागे पडतो. जुनी मोठी झाडे, लाल मातीच्या वाटा, आणि समोर दगडी इमारत : टोकदार कमानी, उतरती छपरे, लांबलचक व्हरांडे. विलायतेतले एखादे देऊळ कोणी तरी उचलून दख्खनच्या माळावर आणून ठेवले आहे, असे क्षणभर वाटते. या संस्थेचे मूळ १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेत आहे. येरवड्याच्या या वास्तूत कॉलेज १८६८ साली आले. वास्तूच्या खर्चात जीजीभाई घराण्याच्या देणगीचा मोठा वाटा होता. पुढे १९३४ साली सरकारने कॉलेज बंद केले, तेव्हा माजी विद्यार्थी कोर्टात गेले, भांडले, आणि १९३९ साली ते संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. आपल्या कॉलेजासाठी कोर्टाची पायरी चढणारे विद्यार्थी मला नेहमीच आदरणीय वाटत आले आहेत. इरावती कर्वे आणि ह. धी. सांकलिया यांनी आपली आयुष्ये याच आवारात घालवली. संस्कृतचा प्रचंड कोशही इथेच होतो आहे. १९४८ साली हाती घेतलेले ते काम अजून चालू आहे, आणि शब्दांच्या लाखो चिठ्ठ्या कपाटांत आपल्या पाळीची वाट पाहत आहेत. घाई नावाची गोष्ट या आवारात शिरतच नसावी.

टिळक विद्यार्थिदशेत ज्या खोलीत राहत ती खोली इथे जपून ठेवली आहे. मी तिच्यापाशी थोडा वेळ उभा राहिलो. पण माझे लक्ष होते बाहेर, आवारामागच्या उंचवट्याकडे. कारण ही मैत्री खोलीत जुळलेली नाही. १८७९ साली टिळक वकिलीच्या परीक्षेचा अभ्यास करीत होते आणि आगरकर एम. ए.चा. दोघेही इथेच राहत. दोघांचे वय तेवीस; जन्मात अंतर अवघ्या नऊ दिवसांचे. आगरकर १४ जुलै १८५६चे, टिळक त्याच महिन्याच्या २३ तारखेचे. बाकी मात्र दोघांत सारखे असे काही नव्हते. टिळक शाळाखात्यातल्या अधिकाऱ्याचे चिरंजीव, संस्कृत आणि गणित वडिलांकडूनच मिळालेले. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. आज टेंभू म्हटले की लोकांना कृष्णेवरची उपसा सिंचन योजना आठवते. तिचे पाणी सांगलीच्या दुष्काळी भागात पोचले आहे, ही चांगलीच गोष्ट. पण टेंभूने महाराष्ट्राला त्यापूर्वीही एकदा पाणी दिले होते. घरची गरिबी अशी, की हा मुलगा कऱ्हाडला कचेरीत उमेदवारी करून आला, दवाखान्यात औषधे घोटून आला, शिक्षणासाठी पायी रत्नागिरी गाठून आला. मग अकोल्याला नातलगांकडे राहून मॅट्रिक झाला आणि शिक्षकांच्या मदतीने पुण्याला पोचला. अंगावरचा एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालावयाचा, ही त्यांची कॉलेजातली आख्यायिका आमच्या लहानपणी प्रत्येक आईने प्रत्येक मुलाला ऐकवलेली आहे, बहुधा दिवाळीच्या कपड्यांवरून मुलगा रुसला की.

असे हे दोघे या उंचवट्यावर रोज फिरत आणि भांडत. रात्र रात्र वाद चाले. समाज आधी सुधारावा की राज्य आधी मिळवावे, हा पुढे अवघ्या महाराष्ट्राला दोन पक्षांत उभा करणारा प्रश्न पहिल्यांदा इथल्या दगडांनी ऐकला. आणि या भांडणांतून निघाले काय, तर एकमत! दोघांनी ठरवले की सरकारी नोकरी करायची नाही, आपल्या लोकांसाठी स्वस्त आणि स्वतंत्र शिक्षण उभे करायचे. ज्या मुलाच्या एका पगारावर घरचे सगळे दैन्य फिटायचे होते, त्या आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवले की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, मी पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांसाठी घालवणार आहे. त्या माउलीने पत्र ऐकल्यावर काय म्हटले असेल, याचा विचार चरित्रकार फारसा करीत नाहीत. मला तो नेहमी येतो.

मैत्री जुळते कशाने, याची पुष्कळ उत्तरे आपण ऐकतो : स्वभाव जुळले, आवडी जुळल्या. या टेकडीवर उभे राहिल्यावर मला ती खरी वाटेनात. या दोघांचे जुळले ते इतकेच, की एकाला जे बोलायचे होते ते पुरते ऐकून घेऊन त्याला तितक्याच जोराने उत्तर देऊ शकेल असा माणूस दुसऱ्याला भेटला. तेविसाव्या वर्षी असा माणूस भेटणे म्हणजे काय, हे ज्याला भेटला त्यालाच कळेल. त्याच्यापुढे पगार ही खरोखर किरकोळ गोष्ट वाटू शकते.

माझा मित्र एका दगडावर बसला होता. तो म्हणाला, "आपण किती वर्षांत भांडलो नाही रे?"

मी आठवू लागलो. पूर्वी आम्ही निवडणुकांवरून, पुस्तकांवरून, देव आहे की नाही यावरून भांडत असू. आता एकमेकांची मते आम्हांला ठाऊक आहेत आणि ती जुळत नाहीत हेही ठाऊक आहे. म्हणून भेटलो की मुलांच्या परीक्षा, गुडघेदुखी आणि फ्लॅटचे भाव यांवर बोलतो. फोनवरून एकमेकांना सणाच्या शुभेच्छा पाठवतो. कधी तुटले नाही. पण त्या गच्चीवर जे होते ते आज आहे, असे दोघांपैकी कोणीही छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

"तू बोलायचे टाळतोस," मी म्हटले.

"तू चिडतोस म्हणून," तो म्हणाला. आणि मग आम्ही तिथेच चांगली अर्धा तास वादावादी केली. कशावरून ते इथे सांगत नाही. आवारातला एक रखवालदार दोनदा वळून पाहून गेला.

येरवड्याहून मेट्रोने डेक्कन जिमखान्याला जायला वीसेक मिनिटे लागतात. टिळक-आगरकरांना या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायला सोळा वर्षे लागली. वाटेत शहर होते. मित्र मध्येच उतरून घरी गेला, आणि मी बुधवार पेठेकडे वळलो.

जानेवारी १८८०मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले ते बुधवार पेठेत, मोरोबादादांच्या वाड्यात. शास्त्रीबुवांनी सरकारी नोकरी सोडली होती आणि टेकडीवरच्या तरुणांना हवा असलेला वडीलधारा माणूस त्यांच्या रूपाने मिळाला होता. वडीलधारा म्हणायचे ते मानाने, कारण त्यांचेही वय तिशीच्या आतच होते. टिळक पहिल्यापासून होते, एम. ए. आटोपल्यावर आगरकर येऊन मिळाले. जानेवारी १८८१मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर आणि इंग्रजी 'मराठा'चे टिळक. आजच्या पुष्कळ लोकांना हे सांगितले की आश्चर्य वाटते. नारायण पेठेतल्या केसरीवाड्यात जाऊन ते टिळकांची पगडी, आसन, ग्रंथ पाहून येतात आणि 'केसरी' म्हणजे हा वाडा असे धरून चालतात. तो गायकवाडवाडा टिळकांकडे आला विसाव्या शतकाच्या आरंभी. आगरकरांना जाऊन तेव्हा कितीतरी वर्षे झाली होती. ज्या 'केसरी'त दोघे शेजारी बसून मजकूर लिहीत, तो 'केसरी' या पेठांमधल्या जुन्या वाड्यांतला. आता तिथे फिरताना दिसतात ती पुस्तकांची, विजेच्या सामानाची आणि मोबाइलची दुकाने. एक दुकानदार मला म्हणाला, "वाडा? साहेब, वाडे बिल्डरांकडे विचारा."

तिथून पुढची जागा मुंबईला आहे. डोंगरीला मी निराळ्या दिवशी गेलो. सँडहर्स्ट रोड स्टेशनवर उतरून उमरखाडीचा रस्ता विचारला, तेव्हा सांगणाऱ्याने आधी माझ्याकडे नीट पाहून घेतले. डोंगरीची कीर्ती हिंदी चित्रपटांनी अशी काही करून ठेवली आहे, की हातात पिशवी घेतलेला मास्तर तिथे कशाला आला असेल याची त्याला शंका यावी. जुन्या डोंगरीच्या तुरुंगाच्या जागी आज मुलांचे निरीक्षणगृह आहे. आत कोणालाही सोडत नाहीत, आणि सोडू नये हेच योग्य. भिंतीपलीकडून मुलांचा आवाज ऐकू येत होता. मी बाहेरूनच ती उंच भिंत पाहिली.

कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत असल्याचा मजकूर दोन्ही पत्रांनी छापला आणि कारभारी माधवराव बर्व्यांवर ठपका ठेवला. ज्या पत्रांच्या आधारावर तो ठेवला ती पत्रे बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, तरी १७ जुलै १८८२ रोजी चार-चार महिन्यांची शिक्षा झाली. खटला चालू असतानाच, त्या वर्षीच्या मार्चात विष्णुशास्त्री वारले होते. म्हणजे ज्या आधारावर शाळा आणि पत्रे उभी होती तो आधार गेलेला, आणि उरलेले दोघे गजाआड.

या खटल्यातली एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दोघांना जामीन हवा होता तेव्हा जोतीराव फुल्यांच्या खटपटीने रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन दिला. विष्णुशास्त्र्यांनी 'निबंधमाले'त फुल्यांवर किती जहाल टीका केली होती, हे ज्याने वाचले आहे त्याला या दहा हजारांचे खरे मोल कळेल.

आगरकरांनी सुटकेनंतर 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे छोटे पुस्तक लिहिले. मराठी गद्यात इतक्या हसत्या मुखाने तुरुंगाविषयी लिहिलेले फार थोडे आहे. तुरुंगात दोघांची वजने घटली. जेवणाचे हाल झाले. पण आगरकरांनी 'हॅम्लेट'च्या भाषांतराचे काम तिथेही चालू ठेवले. ते पुढे 'विकारविलसित' म्हणून प्रसिद्ध झाले. आणि रात्री काय चाले? तेच, टेकडीवरचे! दोघांचे वाद इतके चढत, की पहाऱ्यावरच्या शिपायाला 'हळू बोला' म्हणून सांगावे लागे. येरवड्याचा उंचवटा त्यांनी डोंगरीच्या कोठडीत नेला होता.

२६ ऑक्टोबरला ते सुटले तेव्हा स्वागताला गर्दी लोटली. मला या मैत्रीचा सर्वांत सुखाचा काळ विचाराल, तर मी हे १०१ दिवस सांगेन. मनाला येईल तितका वेळ बोलायला होता, एकच शत्रू होता आणि तो भिंतीबाहेर होता. शाळेचे वेळापत्रक नव्हते, हिशेब नव्हता, सभा नव्हत्या.

हिशेब आणि सभा पुढे आल्या. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज. दोघेही आजीव सदस्य. टिळक गणित आणि संस्कृत शिकवीत, आगरकर इतिहास आणि तर्कशास्त्र. इथून पुढचा भाग इतिहासाच्या पुस्तकांत फार उदात्त शब्दांत लिहिलेला असतो. तत्त्वे तर होतीच. रखमाबाईच्या खटल्याने समाज ढवळून निघाला होता. बालविवाह, विधवांचे केशवपन यांवर आगरकरांची लेखणी थांबत नव्हती, आणि सामायिक मालकीच्या 'केसरी'त ही मते कितपत यावीत, यावर सहकारी कुरकुरत होते. १८८७च्या ऑक्टोबरात आगरकरांनी 'केसरी' सोडला. पुढच्या वर्षी, १५ ऑक्टोबर १८८८ला, त्यांनी 'सुधारक' काढला. इंग्रजी बाजू सांभाळायला तरुण गोपाळ कृष्ण गोखले होते. जे योग्य वाटेल ते बोलून दाखवायचे आणि जे होण्याजोगे असेल ते करायचे, असा त्या पत्राचा बाणा.

पण ज्याने एखाद्या कॉलेजची स्टाफरूम आतून पाहिली आहे, त्याला दुसराही इतिहास दिसतो. आजीव सदस्यांनी संस्थेबाहेर काम करून पैसे मिळवावेत की नाही? वेतन वाढवावे की जेझुइट पाद्र्यांसारखे अल्पसंतुष्ट राहून आयुष्य वाहून टाकावे? कोणी कोणते काम किती वेळ करावे? टिळक या बाबतीत कडवे होते. आगरकरांचा संसार होता, दमा होता, आणि गरिबी काय असते हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. ज्याने एका सदऱ्यावर शिक्षण केले, त्याला त्यागाची व्याख्या ऐकून घ्यावी लागणे कसे लागले असेल! आणि टिळकांच्या बाजूने पाहिले, तर टेकडीवर ठरलेल्या शब्दाला आपण एकटेच धरून राहिलो आहोत, असे त्यांना वाटणेही तितकेच खरे. १८९०च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला, आणि त्यासोबत जे निवेदन दिले ते एवढे लांबलचक, की ते वाचताना मला पहिल्यांदा या भांडणातला जिव्हाळा कळला. परक्या माणसाला कोणी इतके लांब पत्र लिहीत नाही.

म्हणून त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी आता निराळे उत्तर देईन. आधी कोणते स्वातंत्र्य, या प्रश्नावर ते दहा वर्षे भांडले आणि मित्र राहिले. एकत्र संसार मांडल्यावर, पैसा आणि वेळ यांची वाटणी करताना, ते दुरावले. आणि मग तो जुना, आवडता वादही कडू झाला. पूर्वी तो दोघांत चाले, आता तो छापून येऊ लागला. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी 'केसरी' एका बाजूला आणि 'सुधारक' दुसऱ्या बाजूला. भाषा कधी कधी अशी, की आज वाचतानाही मान खाली घालावी. याच पुण्यात लोकांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, ती त्यांच्या घरावरून नेली, आणि ती त्यांना आपल्या डोळ्यांनी पाहावी लागली.

तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. त्या काळात 'सुधारक'चा सर्वांत बारकाईने वाचणारा वाचक कोण असेल? आणि 'केसरी'तले प्रत्येक वाक्य कोण तोलून पाहत असेल? आमच्या विषयाच्या बाजूने म्हणेन, की मराठी वादविवादाच्या गद्याला जी धार आली ती त्या काही वर्षांत आली. आगरकरांनी मराठी वाक्यरचनेवर 'वाक्यमीमांसा' लिहिली तीही १८८८ सालीच. एकीकडे वाक्याचे पृथक्करण करीत असलेला हा माणूस दुसरीकडे अशी वाक्ये लिहीत होता, की ज्यांना उत्तर देणारा महाराष्ट्रात एकच होता.

शेवटची जागा फर्ग्युसन. रस्त्यावर आज कपड्यांच्या दुकानांची आणि खाण्याच्या गाड्यांची इतकी दाटी आहे, की फाटक शोधावे लागते. आतली मुख्य इमारत १८९५च्या सुमाराची. त्याआधी कॉलेज शहरातल्या वाड्यांत भरत असे. म्हणजे या आवारात टिळक आणि आगरकर बरोबरीने कधी शिकवायला आलेच नाहीत. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे १८९२ साली वारले आणि आगरकर प्राचार्य झाले. तीनच वर्षे. दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी ते गेले. एकोणचाळीस पुरे व्हायला महिना उणा होता. उशाशी एका पुडीत स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे बाजूला काढून ठेवलेले सापडले, असे सांगतात. टेंभूच्या मुलाने कोणाचे देणे ठेवले नाही.

'केसरी'त मृत्युलेख टिळकांनी लिहिला. मृत्यूचे उग्र रूप समोर उभे राहिले म्हणजे बारीकसारीक मतभेद कुठल्या कुठे जातात आणि जुन्या आठवणी वर येऊन मन गोंधळून जाते, अशा अर्थाचे त्यात लिहिले आहे. आगरकरांच्या लेखणीचे, त्यांच्या निष्ठेचे मोठेपण त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले. तो लेख सांगताना टिळकांच्या डोळ्यांना पाणी येत होते आणि एरवी भराभर मजकूर सांगणाऱ्या त्या माणसाला शब्द सुचायला वेळ लागत होता, अशी आठवण सांगितली जाते. ती मला खोटी वाटत नाही. ते स्वतः पुढे पंचवीस वर्षे जगले. १८९८ साली कैदी म्हणून येरवड्याच्या तुरुंगातही राहिले. ती टेकडी तिथून हाकेच्या अंतरावर. त्या पंचवीस वर्षांत त्यांना अनुयायी हजारो मिळाले. रात्रभर भांडणारा मात्र पुन्हा मिळाला असे दिसत नाही.

फर्ग्युसनच्या मागच्या बाजूने निघाले की कॉलेजच्या टेकडीकडेने गोपाळ गणेश आगरकर रस्ता लागतो. त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे, आणि तिच्यामुळे मोठा घोटाळा होतो. संस्थेला नाव आहे वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकरांचे, रस्त्याला समाजसुधारक आगरकरांचे. पण रिक्षावाल्यापासून प्राध्यापकांपर्यंत सर्वांना दोघे एकच वाटतात. मी एका चहावाल्याला विचारले, "हा रस्ता कोणत्या आगरकरांचा?" तो कप विसळत म्हणाला, "तेच की, इन्स्टिट्यूटवाले."

टिळकांच्या नावाचा रस्ता नदीपलीकडे आहे, अलका टॉकीजपासून स्वारगेटपर्यंत. त्याला कोणी चुकून दुसऱ्या कोणाचा म्हणत नाही. हे दोन रस्ते एकमेकांना कुठेही मिळत नाहीत. एकावरून दुसऱ्यावर जायचे तर प्रभात रस्त्याने खाली उतरून, डेक्कन जिमखान्याला वळसा घालून लकडी पूल ओलांडावा लागतो. चालत गेले तर अर्धा तास. संध्याकाळ झाली होती, ऊन उतरले होते, आणि घरी पोचायची घाई नव्हती. मी चहाचे पैसे दिले आणि पायीच निघालो.